खुशीले कोणी रागवत नाही

वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात चंपतराव हमालांच्या टोळीचा मुकादम होता. त्याचा आवाज असा, की तो या गोदामात खोकलला की पलीकडच्या गोदामात ट्रकखाली झोपलेला क्लीनर उठून बसे. त्याच्या टोळीची एक रीत होती. नवा माणूस आला की सुरुवातीला त्याला पाहुण्यासारखं वागवायचं. हलके नग त्याच्या पाठीवर, चहाचा पहिला कप त्याच्या हाती आणि नावापुढे 'जी'. मग एखाद्या दिवशी त्याच्या हातून काचेची पेटी आपटायची आणि चंपतराव त्याच्या खानदानाचा उद्धार करायचा. त्या संध्याकाळी तो गडी हसत हसत साऱ्या टोळीला तर्री-पोहे चारायचा, कारण शिवी खाल्ली म्हणजे माणूस टोळीतला झाला. ज्याला कोणीच शिवी देत नाही, तो आपला आपणच समजून जाई आणि दुसरीकडे काम पाहू लागे.

अशा या माणसाला एकुलती एक पोरगी, खुशी. डावा पाय जन्मापासून अधू, म्हणून गुडघ्यापर्यंत पट्ट्यांचा बूट. पण जीभ बापाची, तिला कुठलाच पट्टा नाही. आधी ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, फक्त अशाच लेकरांसाठी असलेल्या शाळेत जायची. मग सरकारचं म्हणणं पडलं, की अशा पोरांनी घराजवळच्या साध्या शाळेतच शिकावं. जवळच्या शाळेचे हेडमास्तर रूपराव सर स्वतः घरी आले.

"चंपतराव, तुमची खुशी आता मुख्य प्रवाहात येणार."

"येऊ द्या जी. बाकावर जागा आहे ना?"

खुशी सहावीत गेली. तिच्यासाठी पायऱ्यांच्या बाजूला सिमेंटचा उतार झाला. फोटो निघाला. पुढच्या आठवड्यापासून त्या उतारावर रूपराव सरांची मोटरसायकल उभी राहू लागली, आणि खुशी आपली पायऱ्या चढून जायची. वर्गात तिला बाक नव्हताच. वंदना मॅडमच्या टेबलाशेजारी गादीची खुर्ची, तोंड पोरांकडे. शाळेत कोणी पाहुणा आला की आधी खुशीलाच नमस्कार करी.

एका संध्याकाळी पोरीनं दप्तर भिरकावलं.

"का झालं वं?" चंपतरावानं विचारलं.

"आज साऱ्या वर्गानं नळावर पाणी उडवलं. मॅडमनं सगळ्याइले मैदानातला कचरा उचलाले लावला. मलेच नाही लावला."

"तू नव्हती का त्याइच्यात?"

"मीच त नळ सोडला होता."

चुलीपाशी प्रेमलता, म्हणजे खुशीची माय, भाकर थापता थापता हसली. "घ्या. चोर सोडून साऱ्या गावाले शिक्षा."

"मी सांगतलं मॅडमले, मीनं केलं म्हणून. त म्हणते, बेटा तू पंख्याखाली बस. आता काजल म्हणते, तुले आम्ही खेळात घेतच नाही. तुले खरचटलं त आम्हाले बोलणे पडते, अन् तू शाळेले आग लावली तरी तुले कोणी काही म्हणत नाही."

चंपतरावाचा घास तोंडातच राहिला. ज्याला कोणी रागावत नाही त्याचं पुढं काय होतं, हे त्यानं गोदामात पाहिलं होतं. आपली पोरगीही एक दिवस म्हणेल, की माझं इथं जमत नाही, मी जात नाही शाळेत.

सकाळी तो शाळेत गेला. नेमका त्याच दिवशी शिक्षण खात्याचा मोठा साहेब शाळा पाहायला आलेला. ऑफिसात हारतुरे, चहा, बिस्किटं. चंपतराव सरळ आत घुसला.

"सर, माह्या पोरीले इथं कोणीच रागवत नाही."

रूपराव सरांचा चेहरा उजळला. साहेबांनी कप खाली ठेवला. "ऐकलंत? पालक स्वतः येऊन सांगतायत."

"तसं नाही जी साहेब. तिनं काही बी केलं तरी कोणी बोलत नाही."

"काहीही केलं तरी. वा."

"कोणतं काम सांगत नाही. बाकावर बसू देत नाही, खुर्चीत ठेवते. कोणाचा धक्का लागू देत नाही."

चंपतराव जसजसा तक्रार करी, तसतसे साहेब मान डोलवत. शेवटी साहेबांनी आपल्या गळ्यातला हार काढून चंपतरावाच्या गळ्यात घातला आणि त्याला मधात उभं करून फोटो काढला. भांडायला गेलेला माणूस झेंडूचा हार घालून बाहेर आला.

वऱ्हांड्यात वंदना मॅडम मागून आल्या. "भाऊ, तुमचं म्हणणं मला कळलं. पण मला भीती वाटते. ती पडली, रडली, तर सगळे मलाच धरतील."

"मॅडम, घरी ते रोजच रडते. तिची माय तिले रोज रडवते. एक सांगा, मुख्य प्रवाह म्हंजे का?"

"म्हणजे... सगळ्यांसोबत."

"मंग सगळ्याइसोबत कचरा उचलाले लावा ना तिले."

दुसऱ्या दिवशी खुर्ची गेली आणि खुशी काजलच्या बाकावर आली. शेजारी बसलेलीला खेळात घेणार नाही तर काय करणार? मधल्या सुट्टीत वऱ्हांड्यात खडूनं अष्टचंग्याचा पट आखला जाई, आणि फासे म्हणून फोडलेले चिचोके टाकायला खुशीचा हात पुढे असे; पांढरी बाजू वर पडली तर दान, काळी पडली तर गेलं.

काही दिवस बरे गेले. मग एका संध्याकाळी रूपराव सरांची मोटरसायकल दारात थांबली. मागे खुशी, कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. सर घामानं निथळत होते.

"चंपतराव, घात झाला. काजलनं ढकललं हिला. उद्यापासून तिला वेगळ्या वर्गात बसवतो, आणि खुर्ची परत ठेवतो."

"मले नाही पाहिजे खुर्ची," खुशी म्हणाली. दिवसभरात नसेल आलं, ते पाणी आता डोळ्यात आलं.

चंपतरावानं खांद्यावर दुपट्टा टाकला. "चाल. काजलचं घर दाखव."

मुकादम निघाला म्हटल्यावर अर्धी गल्ली मागं लागली. सर हात जोडत सोबत. काजलची माय मधुवंती आधीच दारात पदर खोचून उभी होती; हातात झाडू, अंगण मात्र झाडलेलं.

"काजल, हिले काहून ढकललं वं?"

काजलनं हनुवटी वर केली. "हे चीटिंग करते काकाजी. चिचोके काळे पडले की बुटाच्या टोकानं पांढरे करते."

"खोटी बोलते," खुशी म्हणाली.

"मांडा डाव," चंपतराव उकिडवा बसला.

अंगणात पट आखला. गल्ली गोल करून पाहू लागली. थोडा वेळ सरळ खेळ चालला. मग खुशीचा डाव वाईट पडला आणि तिचा बूट, पायाला मुंग्या आल्यासारखा, हळूच सरकला.

चंपतरावानं पाहिलं. फुटलेल्या पेटीसाठी राखून ठेवलेला आवाज त्याच्या पोटातून निघाला. त्यातलं लिहिण्यासारखं फार थोडं आहे. मधुवंतीच्या हातून झाडू गळाला.

"चंपतराव, अहो, ती दिव्यांग आहे," सर काकुळतीला आले.

"मास्तर, ते चोट्टी आहे. पायाचं मंग पाहू."

आता मधुवंतीलाही मागं राहवेना. तिनं ढकलल्याबद्दल काजलला धरलं आणि तिचा वाटा तिला दिला. दोघी पोरी मुसमुसत एकमेकींकडे पाहू लागल्या.

"चाल वं, तिकडं खेळू," काजल नाक पुसत म्हणाली. "हे मोठे माणसं खेळूच देत नाही."

"पण पहिला डाव माहा," खुशी म्हणाली, आणि दोघी चिचोके उचलून भिंतीपल्याड गेल्या. रूपराव सर तसेच हात जोडून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी खुशी घरी आली ती फणफणतच. "बाबा, वंदना मॅडमनं आज मले कालच्या भांडणापायी साऱ्याइच्या समोर झापलं. माह्याकडून अन् काजलकडून अख्खं मैदान झाडून घेतलं. तुम्ही उद्या शाळेत या अन् सांगा त्याइले."

चंपतरावानं भाकर मोडली. "उद्या मले काम आहे."

"मंग परवा या."

"परवा बी आहे."

प्रेमलतानं हसू लपवायला तोंड भिंतीकडे फिरवलं.

"काजलची माय असती त आत्ताच गेली असती," खुशी म्हणाली.

"मंग तिलेच धाड," म्हणत चंपतरावानं ताट पुढं केलं. "अन् आधी मले वरण वाढ."