होय म्हणणारीला शिष्यवृत्ती

पुण्यातल्या आमच्या मुलींच्या वसतिगृहाच्या माजी विद्यार्थिनींचं इथं नेदरलँड्समधल्या आल्मेरेत मंडळ होतं. मंडळ कसलं डोंबलाचं, अकरा बायका, महिन्याची भिशी आणि एकमेकींच्या पडद्यांना नावं ठेवणं. दोन हजार सहाच्या आसपास आमच्यातल्या एकीच्या नवऱ्याला उमाळा आला. बायकोच्या नावानं शिष्यवृत्ती! नाव बायकोचं, पण खाली 'आणि परिवार' हे ठळक अक्षरांत. परिवार म्हणजे हेच महाशय.

त्यांची बायको वसतिगृहात माझ्याच खोलीत राहायची. आमच्या सगळ्यांत हुशार. बंगलोरला पीएचडीला प्रवेश मिळाला होता. लग्न ठरताना सासरच्यांनी विचारलं, तर "सोडते" म्हणाली आणि खरंच सोडलं. तेच तिचं मोठेपण म्हणून महाशयांनी पत्रकात छापलं, 'कुटुंबासाठी करिअरचा त्याग करणारी आदर्श माजी विद्यार्थिनी'. आणि शिष्यवृत्ती कशासाठी? तर मुलींच्या संशोधनासाठी. आता बोला! अकरा जणींत एकीलाही हसू फुटलं नाही. मीही त्या पत्रकावर मुकाट्यानं सही केली.

मुलाखतीला लायडनहून एक मुलगी आली. तिचा विद्यापीठाचा करार संपला होता, प्रबंधाची दोन प्रकरणं उरली होती. ही शिष्यवृत्ती हुकली तर सगळं अर्धवट टाकून तिला भारतात परतावं लागणार होतं. महाशयांचा लाडका प्रश्न मला ठाऊक होता, म्हणून ती कोट काढत होती तेव्हाच तिला गाठलं.

"हे बघ, नवऱ्याची बदली झाली तर संशोधन सोडशील का, असं विचारतील. होय म्हण."

"पण ताई, मी नाही सोडणार."

"ते तुझं तुला ठाऊक. त्यांना कशाला सांगतेस?"

खाली मान घालून ती होय म्हणाली. महाशय विरघळलेच. "याला म्हणतात संस्कार!" शेजारच्या दोघी नंदीबैलासारख्या माना डोलवत होत्या. एकीनं तर चक्क डोळे पुसले. एकेकीच्या मुस्काटात द्यावीशी वाटली मला.

समारंभात महाशय पाऊण तास बोलले. "हिनं माझ्यासाठी सगळं सोडलं!" टाळ्या. मुलीचं ते होयसुद्धा त्यांनी रंगवून सांगितलं. पुन्हा टाळ्या. बायको खुर्चीत निऱ्या सारख्या करत बसली होती. शेवटी पाकीट तिच्या हस्ते मुलीला द्यायचं होतं. शाल-नारळाचं ताट घेऊन मी त्या दोघींच्या शेजारी उभी.

पाकीट पुढं करता करता तिनं मुलीला हळूच विचारलं, "ते होय खरं होतं का गं?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. ताटातला नारळ कलंडला, मी तो कसाबसा सावरला.

"नाही, काकू."

"बरं केलंस," ती म्हणाली आणि पाकीट मुलीच्या हातात घट्ट दाबलं. "मी खरं बोलले होते."