साडूंचा धीर

माझ्या साडूंइतका संतापी माणूस अख्ख्या इंदुरात सापडायचा नाही. जगातल्या प्रत्येक औषधाने आपल्याला वैयक्तिकरीत्या फसवलं आहे, अशी त्यांची खात्री होती. त्यांची कापडमिल बंद पडल्यावर ते सांवेर रोडच्या एका कारखान्यात चौकीदारी करत, आणि डोळे इतके कोरडे पडलेले की पापणी हलली तरी वाळू घासल्यासारखं व्हायचं. वारा सोसत नाही म्हणून घरातही स्कूटरचा गॉगल! माझ्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी हॉलमधले सगळे पंखे बंद करवले, आणि "हवा पाहिजे तर बाहेर उभे राहा ना," असं मलाच, म्हणजे यजमानालाच, सुनावलं.

डॉक्टर म्हणाले, डोळ्यांत आतून दाह आहे, नुसत्या गारव्याच्या थेंबांनी भागणार नाही. आधी थोडे दिवस स्टेरॉइड, मग दाह आटोक्यात ठेवणारं दुसरं औषध. ते सुरुवातीला झोंबेल, गुण यायला काही महिने लागतील, धीर धरा. स्टेरॉइडने साडू आठवड्यात खूश. ते थांबवायची वेळ आली तेव्हा भडकले. "जो काम करतो त्यालाच काढायचं? ही तर आमच्या मिलवाली बात झाली, भिया!" आणि या गृहस्थांनी काय करावं? झोंबणारी बाटली कपाटात टाकली, आणि कृष्णपुऱ्याच्या एका दुकानातून चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड आणून महिनोन्‌महिने गुपचूप घालत राहिले! शेजाऱ्याचे डोळे आले तर त्यालाही उदार हस्ते दोन थेंब!

डोळ्यांतला दाब वाढलाय, असंच चाललं तर नजर जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं तेव्हा कुठे मला हे कळलं. विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकाच दोरीने बांधावंसं वाटलं. परतताना रिक्षात मी तोंड सोडलं, "भाऊसाहेब, थोडं थांबायला काय जात होतं तुमचं?"

"मिलच्या गेटवर पण हेच सांगायचे," साडू म्हणाले. "थोडे महिने थांबा, मिल चालू होईल. पीथमपूरची नौकरी घरी चालून आली होती. ती सोडून थांबलो ना मी."

दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ मीच जाऊन ते झोंबणारे थेंब घालू लागलो. डोळे मिटून ते डॉक्टरला, सरकारला आणि मला शिव्या देत. स्टेरॉइड सुटलं, तसा दाब उतरला. पुढे काही महिन्यांनी एका संध्याकाळी थेंब घातले, तर शिवी नाही.

"काय झालं?"

"आराम आहे," ते हळूच म्हणाले. "पहिल्यांदा कोणी थांब म्हटलं, भिया, आणि खरं निघालं."

जराही न चिडता म्हणाले. हे वाक्य त्यांना मिलच्या गेटवर म्हणता यायला हवं होतं.