वाचनालयातल्या गाद्या

दुसरं महायुद्ध सुरू होण्याआधीची ही गोष्ट. धुळ्याच्या एका दवाखान्यात मी बायकांच्या वॉर्डाची डॉक्टर होते. बाळंतपणं, ताप, हगवण, सगळं माझ्याच अंगावर. संध्याकाळी पाय असे सुजायचे की चपलेत मावत नसत. अशात एक दिवस मोठ्या डॉक्टरांनी बोलावून सांगितलं, "नर्सांच्या शिक्षणासाठी वैद्यकाचं वाचनालय करायचंय. कपड्यांची जुनी खोली रिकामी पडली आहे. तुम्ही बघा."

'तुम्ही बघा' म्हटलं की नाही म्हणायची सोय नसे. मी बघितलं. खोलीत ओल होती, भिंतीला वाळवी होती आणि एकुलती खिडकी पश्चिमेला, म्हणजे दुपारभर भट्टी. ती खिडकी बुजवून मी उत्तरेला दोन मोठ्या खिडक्या पाडून घेतल्या. कपाटं भिंतीपासून हातभर पुढे ठेवली. वाळवी चढू नये म्हणून त्यांच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या. उन्हाळ्यासाठी दाराला वाळ्याचा पडदा लावला. मधोमध लांब टेबल आणि पाठ टेकता येईल अशी बाकं. वॉर्डातून सुटका झाली की मी गवंड्याच्या मागे उभी, आणि गवंडी गेला की परत वॉर्डात.

पुस्तकं जळगावहून आली. तिथल्या एका डॉक्टरांचं निधन झालं होतं आणि त्यांच्या पत्नीला ती चांगल्या ठिकाणी द्यायची होती. सगळे त्यांना अक्का म्हणत. मी आणायला गेले तेव्हा एकेक पुस्तक पदरानं पुसून त्यांनी माझ्या हाती दिलं होतं.

वैशाखात खोली सुरू झाली आणि पहिल्या दिवसापासून भरलेली राहू लागली. मोठे डॉक्टर खूश झाले. मी दुपारी एकदा डोकावले तर चार मुली टेबलावर डोकी ठेवून गाढ झोपलेल्या. मी उठवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एरंडोलकडची एक मुलगी डोळे चोळत म्हणाली, "बाई, काय करू? तठे बठ्ठा पत्रा तापेल शे."

नर्सांची राहायची जागा पत्र्याची होती, हे मला ठाऊक होतं. रात्रपाळी करून आलेल्या मुलीला त्या पत्र्याखाली दुपारी डोळा लागणं शक्य नव्हतं, हेही कळत होतं. पण कळून मी काय करणार होते? पत्रा बदलायचे अर्ज दोनदा परत आले होते. मी त्यांना उठवायचं सोडून दिलं, इतकंच. उठवायलाही अंगात जोर लागतो.

आणि नेमक्या त्याच दिवसांत, न कळवता, अक्का वाचनालय बघायला आल्या. पडदा सारून आत गेल्या आणि थबकल्या. ती एरंडोलची मुलगी शरीरशास्त्राचा जाडजूड ग्रंथ उशाला घेऊन घोरत होती.

"ही पुस्तकं मी उशाला घ्यायला दिली नव्हती," अक्का हळूच म्हणाल्या. "मला परत द्या. सगळी."

मी सकाळपासून एका अडलेल्या बाईपाशी उभी होते. माफी मागायचंही त्राण नव्हतं. म्हटलं, "न्या अक्का. पण आधी माझ्याबरोबर चला."

मी त्यांना अंगण ओलांडून पत्र्याच्या खोल्यांत नेलं. आत शिरताच त्यांनी पदर तोंडाला लावला. बसायला म्हणून लोखंडी खाटेवर हात टेकला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"इथं निजतात?"

"निजायला पाहिजे, असा नियम आहे."

अक्का तशाच वळल्या. परत वाचनालयात आल्या, मुलीचं डोकं अलगद उचललं, ग्रंथ काढून कपाटात ठेवला आणि स्वतःची शाल घडी करून तिच्या मानेखाली सरकवली. पुस्तकांचा विषय पुन्हा काढला नाही.

आठवड्याभरात अक्कांनी जळगावहून रेल्वेनं पाठवलेलं सामान घेऊन एक बैलगाडी स्टेशनवरून थेट दवाखान्यात आली. आत नव्या कापसाच्या गाद्या आणि उशा. मी कपाटं खोलीत भिंतीसारखी आडवी लावून घेतली, अलीकडे टेबल, पलीकडे गाद्या. मोठे डॉक्टर बघायला आले.

"वाचनालयात गाद्या?"

"मुली जाग्या असतील तर वाचतील, साहेब."

त्यांनी कपाटांच्या पलीकडे जाऊन गाद्या मोजल्या. मग म्हणाले, "तपासणीच्या दिवशी तेवढ्या काढून ठेवा."

तशा आम्ही काढून ठेवत असू. झोप झालेल्या मुलींपैकी काही जणी अलीकडे येऊन खरंच वाचत. बऱ्याच जणी तोंड धुऊन सरळ वॉर्डात जात. त्याबद्दल मी कुणाला काही बोलले नाही.

पुढे माझी बदली झाली. नर्सांच्या त्या खोल्यांवर उशिरा का होईना पत्र्याऐवजी कौलं चढली, असं कुणाकडून तरी कळलं. त्यानंतर दुपारी वाचनालयात कोण येत होतं, मी कधी विचारलं नाही.