मावशीच्या पत्त्यावरच्या सह्या

माझी मावशी इंग्लंडात, लेस्टरला राहते. लग्न होऊन तिथे गेली, मोज्यांच्या कारखान्यात राबराब राबली, निवृत्त झाली, आणि ज्या वयात माणसं गुडघेदुखीवर बोलतात त्या वयात तिने ब्रिटनची निवडणूक पद्धत बदलायला घेतली. दोन हजार पाचच्या मे महिन्यात तिकडे निवडणूक झाली होती. ज्या पक्षाला जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढी मतं मिळाली, त्याचेच निम्म्याहून जास्त खासदार निवडून आले. "आमच्या भजनी मंडळातसुद्धा असं कोणी चालवून घेणार नाही," मावशी फोनवर कडाडली. गुडघे दुखतच होते, पण त्याबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही.

मी अमेरिकेत, सनीव्हेलच्या अपार्टमेंटमध्ये बसून तिची टर उडवायचो. "मावशी, रांगेत कोणी मध्ये घुसलं तर इंग्रज माणूस फक्त खाकरतो. तो कसला उठाव करतोय?"

"त्यांचं दार कोणी वाजवलंच नाही रे आजवर," ती म्हणायची. "वाजवलं की उघडतात."

आणि खरंच उघडत होते. रोज दुपारी ती खासदारामार्फत संसदेला द्यायच्या अर्जाचे कागद घेऊन गल्ल्या पालथ्या घालायची. शेजारचा निवृत्त बसड्रायव्हर म्हणे वीस वर्षांत मतदानाला फिरकला नव्हता. त्याने सही केली, वर तिला चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी बहिणीकडे घेऊन गेला. मावशीच्या आवाजात तेव्हा जे काही होतं, ते मी तिच्या मुलाच्या लग्नातही ऐकलं नव्हतं.

अर्जाचा तक्ता मीच संगणकावर करून दिला होता. नाव, ब्रिटनमधला पत्ता, सही. ऑगस्टमध्ये तिने आणखी एक काम सांगितलं. माझे कॉलेजचे बरेच मित्र तेव्हा लंडनला नोकरीला होते. राष्ट्रकुलातले म्हणून तिथे राहणाऱ्या भारतीयांनाही मत देता येतं. "त्यांच्या सह्या मिळवून पाठव," ती म्हणाली.

मी सगळ्यांना ईमेल केलं. दोघांनी सह्या करून कागद पोस्टाने पाठवले. बाकीच्यांपैकी कोणी 'सॉरी यार, बिझी' म्हणाले, कोणी तेवढंही नाही. मावशी मात्र दर रविवारी विचारायची आणि मी दर रविवारी "येतायत, येतायत" म्हणायचो.

मग गणपती आले. आमच्या मंडळाचा उत्सव भाड्याच्या हॉलमध्ये व्हायचा, प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा. जेवणं झाल्यावर मी सहज मावशीची गोष्ट सांगितली, तर लोक पेटलेच. आम्ही सगळे व्हिसावरचे. इथे टॅक्स भरायचा पण मत नाही, भारतात यादीत नाव असलं तरी मत द्यायला जाणार कोण? किती वर्षांत कोणी आमची सही कशासाठी मागितली नव्हती. "आण इकडे, आम्ही करतो," नागपूरचे एक काका म्हणाले. मी म्हटलं, तिथला पत्ता लागतो. "मग मावशीचा टाक ना! केअर ऑफ लिहायचं. आमच्या पोराचं ॲडमिशन मामाच्याच पत्त्यावर झालं होतं."

आम्ही सगळेच असे कोणाच्या ना कोणाच्या पत्त्यावर शिकलेले. कोणाला काही वावगं वाटलं नाही. काकांची अमेरिकेत जन्मलेली मुलगी तेवढी म्हणाली, "बट यू गाइज डोन्ट लिव्ह देअर." "तू बर्फी खा," काका म्हणाले. मी मोठ्या मनाने माझं पेन सगळ्यांत फिरवलं. चाळीसेक सह्या झाल्या.

पाकीट मी कुरियरने पाठवलं आणि मावशीला सांगितलं, मित्रांच्या सह्या आल्या. हे खोटं मी बोललो, काका नाहीत. पाकीट पोचलं त्याच सकाळी ती खासदाराच्या ऑफिसात निघाली होती. माझ्यावर विश्वास टाकून तिने कागद न बघता गठ्ठ्यात घातले.

महिन्याभराने तिला खासदाराच्या ऑफिसातून पत्र आलं. अर्ज विचारात घेता येत नाही. एकाच छोट्या घरात चाळीस माणसं राहतात असं दिसतं, त्यामुळे बाकीच्या सह्यांबद्दलही शंका आहे. मावशीने मला ते फोनवर वाचून दाखवलं, शब्द न् शब्द, मध्ये एकदाही न थांबता. मित्रांच्या दोनच सह्या आल्या होत्या, हे मी तेव्हा कबूल केलं. तिने एवढंच म्हटलं, "अरे, मला सांगायचं तरी होतंस. मी त्या दोनच घेतल्या असत्या."

मी म्हणालो, मी खासदाराला पत्र लिहितो, सगळा दोष माझ्यावर घेतो. लिहिलंही. उत्तर आलं की आम्ही फक्त आमच्या मतदारसंघातल्या नागरिकांच्या पत्रांची दखल घेतो. तिकडे जाऊन तिच्याबरोबर उभं राहावं म्हटलं, तर माझा व्हिसा रिन्यूअलला. वकिलाने सांगितलं, आत्ता देश सोडलास तर परत येण्याची खात्री नाही. मी गेलो नाही. मला स्वतःची लाज वाटत होती आणि तरी मी गेलो नाही.

मावशी पुन्हा दारोदार फिरली, या वेळी माफी मागायला. त्याच गल्ल्या, तेच गुडघे. मी दर रविवारी फोन करायचो आणि ती आज कुठली गल्ली झाली ते सांगायची. ऐकण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं. शेवटी बसड्रायव्हरचं घर राहिलं होतं. शेजारी असूनही तिने ते मागे ठेवलं होतं.

"गेलीस का त्याच्याकडे?" मी विचारलं.

"गेले. सगळं सांगितलं. ही माझ्याच भाच्याने केलेली चूक, तुमच्या सहीची माती झाली, म्हटलं."

"मग? रागावला?"

"नाही रे. 'इट्स ऑल राइट, डिअर, असंच होतं नेहमी,' म्हणाला आणि हळूच दार लावून घेतलं. रागावला असता ना, तर मी उद्या परत सही मागायला गेले असते."