उंदरांना दिलेला कोसो

देब्रे ताबोरच्या शनिवारच्या बाजारात तिरिंगो चाळीस वर्षं कोसो, म्हणजे पोटातले जंत पाडणारं झाडाचं औषध, विकत होती, आणि तिच्याकडचा कोसो पिऊन जंत पडला नाही असं म्हणणारा माणूस त्या बाजारात सापडला नसता. जिथे सणाला लोक कच्च्या मांसावर ताव मारतात आणि मग पोटात जंत वाढवतात, तिथे असं नाव कमावणं ही गंमत नव्हे.

कोसोच्या मादी झाडाचे तांबडे तुरे ती स्वतः निवडायची. नर झाडाचा तुरा नुसत्या ओकाऱ्या काढतो. वाळवायचे ते सावलीतच. यंदाचा तुरा जालीम, तो धडधाकट माणसाला. जुना मवाळ, तो पोरासोरांना. गरोदर बाईला काहीच नाही, तिला दारातूनच परत पाठवायची. प्रमाण चुकलं तर माणसाची नजर जाते, म्हणून पोत्यात हात घालण्याआधी तिचा एकच प्रश्न असे, पिणार कोण?

एके दिवशी विद्यापीठातले डॉक्टर आस्फाव तिच्या दारी आले. झाडपाल्यातलं औषध काढून ते जंतांवर चालतं का, हे त्यांना तपासायचं होतं. बोलायला गोड माणूस. थोरल्या बाईला म्हणतात तसं तिला ‘एतेते’ म्हणाले, तिने दिलेली घरची बिअर, तल्लाही प्याले. तिरिंगो हरखली. दवाखान्यातले लोक जन्मभर तिला पालापाचोळावाली म्हणत आले होते. आता तिचा कोसो कागदावर चढणार होता.

सवयीने तिने विचारलं, “पिणार कोण?”

“उंदीर,” डॉक्टर हसले. “पांढरे, एवढे एवढे. त्यांच्या पोटात जंत सोडलेत आम्ही.”

तिरिंगोने आपल्या तळहाताकडे पाहिलं. एवढ्याशा जिवाला यंदाचा तुरा? मरेल की बिचारा. ती आत गेली आणि तळाच्या पोत्यातला तीन वर्षांचा जुना तुरा घेऊन आली. उंदराला किती पाजायचं ते प्रयोगशाळेत वजन करून ठरतं, त्यासाठी तुरा मवाळ लागत नाही, हे तिला कुणी सांगितलं नाही. आणि तुरा कधीचा, हे विचारायचं त्या शिकल्यासवरल्या माणसाला सुचलं नाही.

वर्षभराने डॉक्टरांचा शोधनिबंध छापून आला. देब्रे ताबोरच्या बाजारातल्या कोसोचा जंतांवर काहीही परिणाम दिसला नाही, असं त्यात होतं. दवाखान्यातल्या नर्सने रांगेतल्या लोकांना तो चवीने वाचून दाखवला. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, पण शीत तरी त्याच हंडीतलं हवं ना! गिऱ्हाईक तुटलं. शेजारी कांदे विकणारी वर्कनेश तिच्या पोत्यांकडे बोट दाखवून सांगू लागली, की हे उंदरांनाही लागू पडत नाही.

तिरिंगो विद्यापीठात गेली आणि तिने सगळं सांगितलं.

“एतेते, हे तेव्हाच सांगायचं होतं.”

“मी तुला विचारलं पिणार कोण. तू मला विचारलंस का, तुरा कधीचा?”

छापलेलं आता छापलं, असं ते म्हणाले. नवा प्रयोग म्हणजे नवी मंजुरी, नवे उंदीर. पुढच्या वर्षी बघू. ते पुढचं वर्ष आलं आणि गेलंही. तिरिंगो दर शनिवारी पोती उघडून बसे आणि तशीच बांधून घरी नेई. नाव कमवायला जन्म जातो, घालवायला एक पान पुरतं.

आणि फासिकाच्या, म्हणजे ईस्टरच्या सणानंतर एका सकाळी डॉक्टर आस्फाव तिच्या घरी मागच्या फाटकाने आले. चेहरा उतरलेला. दवाखान्यातल्या गोळ्या दोनदा घेऊनही पोटातला पाहुणा हलत नव्हता.

“पिणार कोण?” तिने मुद्दामच विचारलं.

“मी,” ते खाली बघत म्हणाले.

त्यांना जुना तुरा देऊन सूड उगवावा, हे तिच्या मनात आलं नाही असं नाही. पण हात ऐकेना. तिने यंदाचा तुरा कुटला, भिजत घातला आणि दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी पाजला. दुपारी जंत पडला. मुंडकं आत राहिलं तर जंत पुन्हा वाढतो, म्हणून ते आलंय हे स्वतः बघितल्याशिवाय ती कुणाला सोडत नसे. तिने ते काडीने दाखवलं.

“आता हे लिही.”

“एका माणसाच्या पोटावरून शास्त्र लिहिता येत नाही, एतेते.”

“एका पोत्यावरून बरं आलं!”

निघताना ते फाटकाशी थांबले. “मी इथे आलो होतो हे कुठे बोलू नका. माझ्याच निबंधावर लोक हसतील.”

त्या गावात कोसो कुणी चोरून पीत नाही. आज कोसो घेतलाय, उद्या या, असं लोक दारातून ओरडून सांगतात. लपवायला सांगणारा हा पहिलाच. पण पोटाचं दुखणं घेऊन आलेल्याचा शब्द तिने कधी मोडला नव्हता. नाही बोलणार, म्हणाली.

शनिवारी दोन अनोळखी बायका तिच्या पोत्यांपुढे घुटमळत उभ्या होत्या. घ्यावं की नाही, ते ठरत नव्हतं. तेवढ्यात वर्कनेशने त्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “काय गं तिरिंगो, तुझ्या पाल्याने एवढ्यात कुणाचा जंत पडला का?”

बायका तिच्या तोंडाकडे बघू लागल्या.

“नाही,” तिरिंगो म्हणाली. “एवढ्यात कुणाचाच नाही.”