चार हात फिल्म, एक जीभ

त्या बाईचा चाळीस मिनिटांचा शॉट मी पहिल्याच दिवशी बिघडवला. ती म्हणते, बिघडवला नाही, सुधारला. पण सिनेमा काढणाऱ्यांच्या बोलण्यावर किती जायचं ते मला कळतं.

इकडे परदेशात, श्रूजबरी नावाच्या गावात, मुलाच्या घरामागे कुंपणाला लागून एक लिथुआनियाचा म्हातारा राहतो. लिथुआनिया कुठे आहे ते मला विचारू नका. सुनेने नकाशात दाखवला होता. मी बोट ठेवलं तर देश बोटाखाली गेला, आणि शेजारचाही थोडा गेला. त्या एवढ्याशा देशातून हा सहा फुटी गडी निघाला कसा, हे मला कोडंच आहे. तर एका दुपारी मी पाय मोकळे करायला निघालो आणि बघतो तर त्याच्या गॅरेजचं दार वर. आत म्हातारा सोळा एमएमच्या प्रोजेक्टरपुढे वाकलेला, हातात फिल्मचं टोक, आणि ते टोक काही केल्या मशीनमध्ये जाईना. समोर काळा स्वेटर घातलेली चाळिशीची बाई कॅमेरा लावून उभी. म्हातारा चुकतोय, ती बघतेय. पुन्हा चुकतोय, पुन्हा बघतेय. मला वाटलं, आता मदत करेल, मग करेल. कसली करते! शेवटी मला राहवेना. सरळ आत गेलो, म्हाताऱ्याला कोपराने बाजूला सारलं, म्हटलं "मूव्ह," आणि डोळे मिटून फिल्म चढवली. डोळे मिटायची गरज नव्हती. बाई बघत होती म्हणून मिटले.

मी बावीस वर्षं तंबूच्या सिनेमात मशीन चालवलं आहे. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांच्या आग्रहाखातर. पण मशीनसमोर मला कोणी शिकवायला यायचं नाही.

घरी आल्यावर सून म्हणाली, "बाबा, लोकांच्या गॅरेजमध्ये असं घुसायचं नसतं इथे. पोलीस बोलावतात."

"घुसलो नाही. मशीन हाक मारत होतं."

"मशीन?"

"तुला नाही ऐकू यायचं. तू लॅपटॉपवाली."

दुसऱ्या दिवशी सुनेलाच दुभाषी म्हणून घेऊन गेलो, कारण म्हाताऱ्याचं इंग्रजी माझ्याइतकंच, म्हणजे दोघांचं मिळून एक वाक्य होतं; त्याचं बोलणं बाई इंग्रजीत करायची आणि सून मराठीत. तेव्हा कळलं की रशियाचं राज्य असताना हा तिकडच्या टीव्हीसाठी माहितीपट काढायचा. कॅमेरा हाच धरायचा. आणि ही बाई आता त्याच्याच देशातून त्याच्यावर माहितीपट काढायला खास विमानाने आली होती. म्हणजे सिनेमा काढणाऱ्याचा सिनेमा. याला आमच्याकडे रिकामटेकडेपणा म्हणतात. सुनेने याचं भाषांतर केलं नाही.

मी त्याला सांगितलं की आमच्या तंबूतही मुख्य पिक्चरच्या आधी सरकारी माहितीपट लावावा लागायचा. धरण, लस टोचणं, कोंबड्या पाळणं. तेवढ्या वेळात गाव बाहेर विडी ओढायचं आणि मी जेवून घ्यायचो. बावीस वर्षांत एकही धड पाहिला नाही.

तो पोट धरून हसला. म्हणाला, "आमच्याकडेही तेच. फक्त दार बाहेरून लावलेलं असायचं."

तिथून आमचं जमलं.

बाईची कामाची पद्धत मात्र मला शेवटपर्यंत पटली नाही. कॅमेरा लावायचा आणि वाट बघायची. काय व्हायची? तर काहीतरी. तिच्या देशात म्हणे अशीच रीत आहे, बोलायचं नाही, सांगायचं नाही, खरं आपोआप येतं. मी म्हटलं, आमच्याकडे आपोआप फक्त पाहुणे येतात. मी कोट घालून आलो तर म्हणाली, रोजच्यासारखे या. म्हटलं, कोट नसेल तर मीही नाही. तीन दिवस हा वाद चालला. चौथ्या दिवशी कोटाला माइक लावला तिने.

आता मुद्द्यावर येतो. म्हाताऱ्याच्या डाव्या डोळ्याने काही दिसत नव्हतं, आणि उजव्याचं मधलं दिसणं जात चाललं होतं. म्हणजे तुमच्याकडे सरळ पाहिलं तर तुमच्या तोंडाच्या जागी धूर, कान तेवढे स्पष्ट. डॉक्टर दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन देत होते आणि त्यांनी सांगून टाकलं होतं, काय बघायचं ते लवकर बघून घ्या.

आणि त्याला बघायचं होतं चहाच्या डब्यातलं एक भेंडोळं.

ते असं. त्याने एकदा सामुदायिक शेतीवरच्या गाईंच्या गोठ्यावर माहितीपट काढला होता. हुकूम असा की दूध काढणाऱ्या बायका कामात सुखी दिसल्या पाहिजेत. एक सोडून सगळ्या दिसल्या. ती दोन बादल्या घेऊन गोठ्यातून आली, कॅमेरा दिसल्याबरोबर तिने बादल्या खाली ठेवल्या आणि जीभ बाहेर काढली. साधी नाही, मुळापासून. मग बादल्या उचलून गेली. वरच्या साहेबाने तेवढा तुकडा कात्रीने कापून खाली टाकला. साहेब वळल्यावर याने तो उचलला आणि बुटात घातला. पुढच्या वर्षी त्याने त्या बाईशी लग्न केलं.

ती दोन हिवाळ्यांपूर्वी गेली. मी तिला ओळखत होतो. कुंपणावरून बीट द्यायची आणि माझ्या माकडटोपीला हसायची. याने आयुष्यभर जगाचं शूटिंग केलं आणि घरी कधी कॅमेरा आणला नाही. तरुण वयातली, हलणारी अशी ती फक्त त्या तुकड्यात होती. पिक्चरचं रीळ बाईने तिकडून आणलं होतं; तो तुकडा त्याला त्यात त्याच्या जागी लावून, पडद्यावर बघायचा होता. एकदा तरी.

माझ्या हिचा हलणारा तर सोडाच, लग्नातला एकच फोटो आहे आणि त्यात तिने डोळे मिटलेत. त्यामुळे मला हे कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

बाईचं म्हणणं, फिल्मला हात लावू नका, मी तिकडे नेते, लॅबमध्ये कॉम्प्युटरवर उतरवतील आणि जोडतील. किती दिवस? चार-पाच महिने. म्हातारा नुसता तिच्याकडे बघत राहिला, म्हणजे तिच्या कानांकडे.

मी सुनेला म्हटलं, "तिला सांग, जोड मी लावतो. अर्धा तास."

"बाबा, ते ओरिजिनल आहे. एकच आहे जगात."

"मीही एकच आहे."

बाईने बराच विचार केला. मग म्हाताऱ्याकडे पाहून मान हलवली आणि कॅमेरा चालू केला. त्यांचं असंच असतं.

रीळ मांडीवर घेऊन मी कडेवरून बोटं फिरवत गेलो. साहेबाने कापून जिथे जोडलं होतं तिथे बोटाला खरखर लागली. गोठ्याचं दार, पुढे एकदम रिकामं अंगण. मधली बाई गायब. हीच जागा. तुकडा मोजला, चार हात. चार हात फिल्म म्हणजे दहा सेकंद.

आम्ही जोडायचो ते सोल्यूशनने. फिल्मची एक बाजू गुळगुळीत असते, दुसऱ्या बाजूला चित्राचा मसाला. ब्लेडने मसाला खरवडायचा, सोल्यूशन लावायचं, दाबायचं. बाईकडे सोल्यूशन नव्हतं, पारदर्शक चिकटपट्टी होती. मी म्हटलं हे पोरखेळ आहेत, पण चालवून घेऊ. आणि इथेच घात झाला. खरवडायचं नाही म्हटल्यावर मसाल्याची बाजू कोणती हे बोटांनी विचारलंच नाही. एरवी ओठाला लावून बघतो, ओल्या ओठाला मसाला चिकटतो. पण समोर कॅमेरा, अंगात कोट, ओठ कुठे लावत बसू! फिल्मच्या दोन्ही कडांना भोकं होती, आवाजाची पट्टी नव्हती. अशी फिल्म पालथी लावली तरी मशीन तक्रार करत नाही.

दुपारी खेळ लावला. म्हाताऱ्याच्या गॅरेजला खिडक्या फार, म्हणून आमच्यात. गाडी बाहेर काढली, खिडकीला ब्लँकेट, मधोमध दोरीवर पाहुण्यांच्या खोलीतली पांढरी चादर.

"बाबा, ती नको. ती फार महागाची आहे," सून म्हणाली.

"मग चित्रही चांगलं दिसेल."

म्हातारा सूट घालून आला होता. पहिल्या रांगेत, म्हणजे एकुलत्या खुर्चीवर बसला, मान तिरकी करून, कोंबडा बघतो तसा. मशीन सुरू झालं. गाई आल्या. सुखी बायका आल्या. हे सरकारी सुख मी पाहिलेलं होतं, फक्त पदर नव्हते. मग दार उघडलं आणि ती आली. बादल्या ठेवल्या. जीभ काढली. मी हसलो, सून हसली, कॅमेऱ्यामागे ती बाईसुद्धा हसली.

म्हातारा हसला नाही. त्याचा उजवा हात मांडीवरून उठला होता आणि हवेत हळूहळू डावीकडे सरकत होता, आणि पडद्यावर ती उजवीकडे चालली होती.

"स्टॉप," तो म्हणाला. मग सुनेला सांगितलं की ती दुधाच्या गाडीकडे गेली, मी कॅमेरा डावीकडे फिरवला. पन्नास वर्षं झाली, पण हात विसरला नाही. हे उलटं आहे.

चूक कोणाची ते माझ्या लक्षात आलं. पण मी म्हटलं, "मशीन जुनं आहे."

"बाबा," सून म्हणाली.

"काय बाबा?"

"मशीन एकाच बाईला कसं उलटं करेल?"

बावीस वर्षांत हे माझ्या हातून झालं नव्हतं. म्हणजे झालं होतं दोनदा, पण कळलं कोणाला नव्हतं.

म्हातारा मात्र चिडलेला दिसेना. ते जास्त वाईट. त्याने सुनेला हळूच विचारलं, "तिने जीभ काढली?"

"हो. तुम्ही पाहिली नाही?"

"धूर," तो म्हणाला. उठून पडद्याजवळ गेला, तर मशीनचा सगळा उजेड त्याच्या पाठीवर, आणि पडद्यावर त्याचीच सावली. सरळ बसला की तिच्या तोंडाच्या जागी धूर, जवळ गेला की हा स्वतःच आडवा. एवढं सगळं करून त्याला गाईच दिसल्या.

तेव्हा मला बायकांची बाजू आठवली. आमच्या तंबूत पडदा मधोमध असायचा. एकीकडे पुरुष, पलीकडे बायका. बायका पडद्याच्या पाठीमागून पिक्चर बघायच्या, सगळं उलटं. त्यांचा हीरो डावखुरा. निम्म्या गावाने जन्मभर डावखुरी मारामारी पाहिली आणि कोणी तिकिटाचे पैसे परत मागितले नाहीत. पलीकडून पडद्याला नाक लावून बसलं तरी सावली पडत नाही, म्हणून म्हाताऱ्या बाया अगदी पुढे जाऊन बसायच्या.

सुनेला म्हटलं, "पाणी आण. झाडांवर मारतेस ते फवाऱ्याचं."

"चादरीवर? बाबा!"

"ओली केल्याशिवाय मागे चित्र नीट उतरत नाही. आण."

चादर भिजवली. मशीन भिंतीपर्यंत मागे घेतलं, चित्र दाराएवढं मोठं झालं. म्हाताऱ्याचा दंड धरला आणि त्याला पडद्यामागे नेऊन उभा केला, नाक कापडापासून वीतभर. त्याने डोकं तिरकं केलं. मी परत येऊन मशीन सोडलं.

बाईच्या कॅमेऱ्याला चादरीखालचे त्याचे दोन बूटच दिसत होते. गाई गेल्या. सुखी बायका गेल्या. दार उघडलं.

बूट एकदम जवळजवळ आले, टाचा जुळल्या. पलीकडे ती डावीकडे जात असणार, कारण बूटही त्याच्या डावीकडे दोन पावलं सरकले. मग तो त्याच्या भाषेत काहीतरी ओरडला. बाईचं कॅमेऱ्यावरचं डोकं वर झालं.

"काय म्हणाला?" सुनेने विचारलं.

बाई नाक पुसत म्हणाली, "म्हणाला, शॉट खराब केलास, मूर्ख पोरी."

मग आम्हाला इंग्रजीत हुकूम आला, "अगेन!"

त्या दुपारी सात वेळा लावलं.

आठव्या वेळेआधी मी म्हटलं, आण ते रीळ, पाच मिनिटांत जोड सरळ करून देतो. म्हाताऱ्याने रीळ पोटाशी धरलं. मी म्हटलं, चूक माझी आहे, ती मी ठेवणार नाही. तो म्हणाला, सरळ केलंस तर मागून ती उलटी दिसेल आणि पुढून मला दिसणार नाही. मी म्हटलं, पण उद्या तुझ्या देशात हे पिक्चर पुढून बघतील, म्हणतील कोणत्या गाढवाने जोडलं? तो म्हणाला, "म्हणू दे." मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्यानेच कुंपणावरून हाक मारली आणि मशीनकडे बोट दाखवलं. त्याला चढवता येत नव्हतंच.

बाई गेली. फिल्म तिने नेली नाही, तूर्त इथेच ठेवली. जाताना मला म्हणाली, तुमच्या कोटाचा शॉट चांगला आलाय. मी म्हटलं, मी सांगत नव्हतो?

आता दर गुरुवारी दुपारी खेळ असतो. चादर सुनेने आम्हालाच देऊन टाकली. परवा मशीन सुरू झालं, दार उघडलं, बादल्या खाली आल्या, तरी पलीकडचे बूट जागेवरच. सरकले नाहीत. ती निघून गेली, रिकामं अंगण आलं, मी मशीन थांबवलं.

पडद्यामागून आवाज आला, "टंग?"

"फुल टंग," मी म्हटलं.



"अगेन," तो म्हणाला. मी रीळ गुंडाळायला घेतलं.