आमच्या घरचं सहभोजन

जात अन्नात विरघळते. माणूस माणसाच्या घरी जेवला की शतकांच्या भिंती पडतात. आमचे साहेब हे विधानसभेत बोलले तेव्हा दोन्ही बाजूंनी बाकं वाजली. वाक्य मी लिहिलं होतं. तोवर साहेब माझ्या घरी जेवायला आले नव्हते.

साहेब म्हणजे आमच्या भागाचे आमदार, विधिमंडळ पक्षाचे उपनेते. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला तेव्हा त्यांनी मुंबईत हात वर केला होता. इकडे मराठवाड्यात वस्त्या जळाल्या तेव्हा तोच हात खिशात होता. मग पक्षात वरच्या कुणीतरी सुचवलं, एकदा दलितवस्तीत जेवा. वस्ती ठरली बिडकीनजवळची, आमची. घर ठरलं माझ्या मायचं.

मी बीए झालेला, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात टेम्पररी. रविवारी साहेबांची भाषणं लिहायचो. एका फोनवर कायम करतो, असं त्यांनी सांगितलं होतं. वस्तीतला पहिला कायम कामगार मी होणार होतो. माय शेजारणींना तसं सांगूनही बसली होती.

आदल्या दिवशी साहेबांचा पीए आला. दाराबाहेरच उभा राहिला.

"चूल पेटती ठेवा. फोटोत धूर यायला पाहिजे. सैपाक मात्र करू नका."

माय म्हणाली, "मंग साहेब खातील काय?"

"ते आम्ही आणतो."

जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नको. साहेबांचं पोट नाजूक आहे."

त्या पोटानं एक अख्खी सूतगिरणी पचवली होती.

मायनं ऐकलं नाही. पहाटे उठून भाकरी थापल्या, वांगी भाजून भरीत केलं. "दारी आलेल्याला उपाशी कसं धाडावं?" एवढंच बोलली.

दुपारी जीपा आल्या. एकीतून साहेब, दुसरीतून जेवण. डबे बंगल्यावरचे, ताटं बंगल्यावरची, पाणी दुधाच्या कॅनमधून. खेड्यातलं दिसावं म्हणून आचाऱ्यानं भाकरीच केल्या होत्या. साच्यातून काढल्यासारख्या गोल. सतरंजीही त्यांचीच. आमचं म्हणजे फक्त छप्पर आणि धूर.

साहेब बसले. ताट वाढून झालं. माय आपली भाकर घेऊन पुढं झाली. साहेबांनी ताटावर आडवा हात धरला.

"बस, बस, माय. पोट भरलं."

पहिला घास अजून घ्यायचा होता.

फोटोग्राफर ओरडला, "मावशी, तशाच थांबा! भाकरी जरा वर. साहेब, हात काढा. हसा."

साहेबांनी हात काढला. हसले. फ्लॅश उडाला.

"झालं. घ्या मावशी मागं."

मायनं भाकर मागं घेतली. तो हात आता कुठं ठेवावा, हे तिला कळेना. समतेवर मी किती पुस्तकं वाचली होती. त्या हाताचं काय करायचं, हे एकातही नव्हतं.

साहेबांनी बंगल्यावरचे चार घास खाल्ले आणि बाहेर माईकपाशी गेले. भाषण माझ्या खिशात. रीत अशी, की मी मागं उभं राहायचं. साहेबांनी न बघता हात मागं केला की कागद त्यात ठेवायचा. साहेबांनी हात मागं केला. मी ठेवला नाही. बोटं हलली. मग ते वळले.

"भाषण दे."

"साहेब, त्यात लिहिलंय, या मायच्या हातचं खाल्लं. आधी खा."

माईक चालू होता. वस्तीनं ऐकलं.

"खाल्लं की रे आत्ता."

"ते तुमच्या बंगल्यावरचं. ती भाकर घेऊन अजून उभी आहे."

साहेबांनी दाराकडं पाहिलं. माय तिथंच होती. मागून एक म्हातारा म्हणाला, "खा की साहेब तुकडाभर. नाय मरत. आम्ही रोज खातो."

वस्ती हसली. साहेब हसले नाहीत. पीए माझ्या कानाशी आला.

"कायम व्हायचंय ना तुला?"

"व्हायचं होतं," मी म्हणालो, आणि खिशाचं बटण लावलं.

साहेब मग कारखान्यांच्या पाणीपुरवठ्यावर बोलले. त्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं. जाताना माणसांनी सतरंजी आमच्या दारात झटकली आणि गुंडाळून नेली.

माय माझ्यावरच चिडली. "एवढ्यासाठी नोकरी घालवली व्हय रं?"

"एवढ्यासाठीच."

तिनं तीच भाकर माझ्यापुढं ठेवली.

सोमवारी मला कारखान्याच्या गेटवरूनच परत पाठवलं. कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. चालत बसस्टँडवर येताना ठरवलं: यापुढं माझा शब्द दुसऱ्याच्या तोंडात जाणार नाही. लिहीन ते मीच बोलेन. मोर्चात, चौकात, पोलिसांच्या गाडीत. नोकरी मिळो न मिळो. पुढच्याच आठवड्यात मी नामांतराच्या मोर्चात होतो, आणि तिथं बोललोही. बाकं वाजली नाहीत. मोर्चात बाकं नसतात.

साहेब पुढच्या विस्तारात मंत्री झाले. खातं समाजकल्याण.